थ्री एचे एकवीस दिवस

शिवारातून रस्ता जाणार आणि त्यात आपली जमीन आहे, हे बहुतेकांना मोजणीचे दगड रोवले जातात तेव्हा कळतं. तोवर हरकतीची मुदत उलटून गेलेली असते. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड या दोन नावांनी बेळगाव तालुक्यातल्या गावागावांत बैठका, मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा पोचवल्या. तरी कुठल्या टप्प्यावर कुठला कागद द्यायचा, हा प्रश्न अजूनही नोटीस हातात पडल्यावरच विचारला जातो. हरकती लिहिताना, सुनावणीला बसताना आणि मोबदल्याचे दावे भरताना जे वारंवार अडतं, ते इथे लिहून ठेवत आहोत.

आधी कायदा ओळखावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. राज्याचा कालवा, औद्योगिक वसाहत किंवा नगरविकासाची निवासी योजना असेल तर वाट वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस मिळतात, पण त्याच दिवसापासून जमिनीच्या व्यवहारांवर बंदीही येते. महामार्ग कायद्यात अशी बंदी लिहिलेली नाही, हरकतीला मात्र २१ दिवसच. एकाचं कलम दुसऱ्याच्या हरकतीत घातलं की सुनावणीत पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. पुढचं सगळं महामार्गाबद्दल आहे, कारण या भागात सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

पहिली अधिसूचना म्हणजे ‘थ्री ए’, महामार्ग कायद्याच्या कलम ३ए खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी. ती केंद्राच्या राजपत्रात छापून येते आणि एकवीस दिवस त्या छपाईच्या तारखेपासून मोजले जातात. वर्तमानपत्रात जाहिरात कधी आली किंवा तलाठ्याने कधी सांगितलं, याच्याशी त्या मुदतीचा संबंध नाही. घरी येऊन नोटीस द्यावी अशी अट या टप्प्याला कायद्यात नाही. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायचा असतो आणि त्यातलं एक देशी भाषेतलं हवं, एवढंच लिहिलं आहे. कुठली देशी भाषा, हे लिहिलेलं नाही. जाहिरात एका कन्नड आणि एका इंग्रजी पत्रात आली की कायद्याचं पालन झालं. सकाळी मराठी पेपर वाचणाऱ्या येळ्ळूरच्या किंवा उचगावच्या शेतकऱ्याला ती दिसायचं कारणच उरत नाही.

म्हणून राजपत्रावर स्वतः नजर ठेवावी लागते. राजपत्राचं संकेतस्थळ आणि महामार्ग भूसंपादनाचं ‘भूमिराशी’ पोर्टल या दोन जागा. प्रकल्पाची चर्चा सुरू झाली की गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला दर आठवड्याला तिथे बघायला सांगावं, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत असतं, त्यामुळे इथे अनपेक्षित सोय होते: कन्नड न वाचता येणाऱ्यालाही हिंदी भाग देवनागरीत मिळतो. त्यात थ्री ए म्हणजे ‘धारा ३क’, जमीन सरकारची झाल्याचं सांगणारी थ्री डी म्हणजे ‘३घ’ आणि मोबदला ठरवणारी थ्री जी म्हणजे ‘३छ’. गावांची नावं मात्र इंग्रजीवरून हिंदीत आलेली असतात, तेव्हा नाव शोधू नका, सर्व्हे नंबर शोधा.

तक्त्यात सर्व्हे नंबर, हिस्सा, जमिनीचा प्रकार आणि क्षेत्र असतं. ते लगेच उताऱ्याशी ताडायचं. हिस्सा नंबर चुकलेला असणं, दोन हिस्स्यांचं क्षेत्र एकाच्या नावावर दाखवणं, बागायत जमीन कोरडवाहू म्हणून लिहिणं या चुका नेहमीच्या. जमीन ओळखता येईल एवढं थोडक्यात वर्णन अधिसूचनेत असलंच पाहिजे. बंगालमधल्या बारानगर ज्यूट फॅक्टरीच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच उणिवेवरून थ्री ए अधिसूचना सदोष ठरवली होती. पण रस्ता तोवर झाला होता, म्हणून जमीन परत मिळाली नाही. दोष वेळेत दाखवला तरच उपयोगाचा, हे त्या निकालातच दिसतं.

आता उतारा. कर्नाटकातली पहाणी, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये असते. न वाचता येणाऱ्याने निदान चार रकाने कुणाकडून तरी समजून घ्यावेत. तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्र आणि त्यातून वजा होणारं खराब. नवव्यात मालकाचं नाव. अकराव्यात इतर हक्क आणि बोजा, म्हणजे सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं तारण, कोर्टाची स्थगिती. बाराव्यात कसणारा कोण आणि पीक काय.

खराबावर थोडं थांबायला हवं, कारण पैसे तिथे गळतात. ‘अ’ खराब म्हणजे पिकाखाली न येणारी पण मालकाचीच जमीन: बांध, खळं, खडक, विहिरीची जागा. ‘ब’ खराब म्हणजे वाट, नाला यांसारख्या सार्वजनिक वापराची. त्याचा मोबदला मालकाला मिळत नाही. जुन्या मोजणीत पाण्याचा चर ‘ब’ म्हणून लागला असेल आणि गेली चाळीस वर्षं तिथे भात होत असेल, तर मोबदल्याच्या दिवशी भांडून काही होत नाही. टिप्पण (मूळ मोजणीचा नकाशा) आणि आकारबंद (क्षेत्र-आकाराची नोंद) यांची नक्कल भूमापन खात्यातून काढून मूळ नोंद काय आहे ते आधी बघावं लागतं. दर गुंठ्यावर ठरतो, त्यामुळे तीन-चार गुंठ्यांचा फरकही लाखांत जातो.

नववा रकाना सर्वांत जास्त घरं अडकवतो. आजोबांचं नाव तसंच, वारसा केलेला नाही, तीन भाऊ तोंडी वाटणीने कसतात, बहिणींची नावं कुठेच नाहीत. अशा ठिकाणी कुणाला किती द्यायचं यावर वाद झाला की सक्षम अधिकाऱ्याला, म्हणजे भूसंपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवावं लागतं आणि पैसे तिथेच पडून राहतात. बहिणींना वगळून केलेली संमतिपत्रं पुढे हमखास उलटतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, वडील २००५ आधी वारले असले तरी तो मिळतो, हे पक्कं झालं. हक्कसोड घ्यायची असेल तर ती नोंदणीकृत घ्या. साध्या कागदावरची सही कचेरीत चालत नाही.

नावांचा घोळ हा सीमाभागाचा खास आजार. पहाणी संगणकावर चढली तेव्हा मराठी नावं कन्नड लिपीत टाइप झाली. ‘जोतिबा’चा ‘ज्योतिबा’ झाला, आडनाव गळलं, नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’ आणि बापाच्या नावाआधी ‘बिन’ राहिलं. आधारवर वेगळं, बँकेत तिसरंच. रक्कम थेट खात्यात जमा होत असल्यामुळे हा फरक तिथे दगडासारखा आडवा येतो. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र तात्पुरतं चालतं, पण थ्री ए निघण्याआधीच तहसीलदारांकडे नावदुरुस्ती करून घेतलेली बरी. वारसा, नावदुरुस्ती आणि कर्ज फिटलं असेल तर बोजा कमी करणं ही तीन कामं रस्ता येवो न येवो करून ठेवण्यासारखी आहेत.

हरकत मराठीत देता येते का, हे प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. देता येते. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० मध्ये आहे. अर्जाच्या पहिल्या ओळीतच त्या कलमाचा उल्लेख करावा. पण हक्क एका बाजूला आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला: वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी येत नसेल तर अर्ज फायलीत निमूट पडून राहतो. म्हणून मूळ मराठी आणि सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर, असे दोन्ही जोडावेत. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. एकविसाव्या दिवसाची वाट बघू नये. त्या दिवशी सुट्टी असते, किंवा संबंधित माणूस मीटिंगला गेलेला असतो.

हरकतीत काय लिहायचं यावर सगळा खेळ आहे. गावात छापील नमुना वाटला जातो, वर नाव आणि सर्व्हे नंबर भरायचा आणि खाली ‘आमची जमीन सुपीक आहे, आम्ही भूमिहीन होऊ’. दोनशे अर्ज एकसारखे आले की आदेशही एकच निघतो आणि दोनशे जणांना तोच लागू होतो. कायद्याने हरकत जमिनीच्या त्या वापराविरुद्ध असायला हवी. रस्त्याची आखणी कुठून असावी हा तज्ज्ञांचा विषय आहे आणि त्यात न्यायालयाने सहसा पडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण कन्नडमधल्या महामार्गाच्या कुशला शेट्टी प्रकरणात २०११ मध्ये म्हटलं. तेव्हा ‘रस्ता दुसरीकडून न्या’ एवढ्यावर भिस्त ठेवू नये.

टिकतं ते मोजता येणारं. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवाराचं उदाहरण घ्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये भातात शिरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर आडवा भराव पडला तर काय होईल, हे लिहायचं तर असं: माझ्या सर्व्हे नंबरात गेल्या तीन पावसाळ्यांत पाणी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत उभं होतं, बांधावर किती फूट चढलं, त्याचे तारखेसह फोटो, पीकनुकसानीचा पंचनामा झाला असल्यास त्याची नक्कल, प्रस्तावित भरावाची उंची, मोऱ्या किती आणि कुठे, मोरीचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वर आहे का. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा येतो, म्हणजे जमीन दुपिकी आहे. बाराव्या रकान्यात फक्त भात लागला असेल तर ती नोंद दुरुस्त करून मगच दुपिकी म्हणा, नाहीतर आपलाच उतारा आपल्या विरोधात जातो. रस्त्याने शेताचे दोन तुकडे होत असतील तर पलीकडे बैलगाडी, ट्रॅक्टर आणि पाण्याची पाइप कशी जाणार, जवळचा भुयारी मार्ग किती अंतरावर आहे, हे हाताने काढलेल्या नकाशासह द्यावं. असा अर्ज एका ओळीत फेटाळणं अवघड जातं.

प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात मागवता येतो. केंद्राच्या प्राधिकरणाकडे अर्जाची मर्यादा ५०० शब्द, कर्नाटकाच्या कार्यालयात एका विषयाला १५० शब्द, फी दहा रुपये. उत्तराला मुदत ३० दिवसांची आणि हरकतीला २१. गणित सरकारनेच असं मांडून ठेवलं आहे! म्हणून माहितीचा अर्ज थ्री ए आधी, नुसती चर्चा असतानाच टाकायचा.

हरकत घेतलेल्याला सुनावणी द्यावीच लागते, स्वतः किंवा वकिलामार्फत. तिथे दोन गोष्टी कराव्यात. बोललेलं सगळं लेखी देऊन त्याची पोच घ्यावी आणि आदेश कारणांसह मागावा. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७९ पासून तो कलम ३०० अ मध्ये आला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. एवढ्याशा वाक्यातून काय निघतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात उलगडलं. नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, खरोखरचा सार्वजनिक हेतू, रास्त भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि तिची पूर्तता असे सात पोटहक्क त्यात मोजले आहेत. ‘हरकत फेटाळली’ एवढाच शेरा आला, तर धारवाड खंडपीठात रिट याचिका करताना हा निकाल पहिल्या पानावर हवा. दिवाणी न्यायालयातल्या मनाई हुकमावर फार विसंबू नये. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रस्त्यासारख्या पायाभूत प्रकल्पाला खोळंबा होईल असा मनाई हुकूम देण्याची वाट जवळपास बंद केली आहे.

थ्री एनंतर वर्षाच्या आत थ्री डी निघाली नाही तर थ्री ए आपोआप पडते. कोर्टाच्या स्थगितीचा काळ मात्र यात धरत नाहीत. तारखा वहीत लिहून ठेवा. थ्री डी निघाली की त्या दिवसापासून जमीन केंद्र सरकारची, सगळ्या बोजांतून मोकळी. पैसे मिळालेले नसतात, पेरलेलं पीक उभं असतं, घरपट्टी आपणच भरत असतो आणि कागदावर मालक बदललेला असतो. हे लोकांना सर्वांत उशिरा पटतं. दरम्यान संयुक्त मोजणी होते. त्या दिवशी शेतात हजर राहावं, विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, आंबा-फणस-नारळाची झाडं एकेक मोजून घ्यावीत. झाडांचं वय आणि घेर लिहिल्याशिवाय सही करू नये. ‘पाच झाडे’ एवढीच नोंद झाली की पाचही रोपं समजून दर लागतो.

मोबदल्यासाठी थ्री जीची जाहीर नोटीस निघते आणि दावे मागवले जातात. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गालाही २०१३ च्या कायद्याचे भरपाईचे नियम लागतात. बाजारभाव थ्री ए छापली त्या दिवसाचा. तो ठरवताना मुद्रांकाचा सरकारी दर आणि शेजारच्या तशाच जमिनींच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी यांतला जास्तीचा आकडा घेतात. सरासरी सगळ्या खतांची नसते. आठ खतं असतील तर चढ्या दराची चार घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. ही खतं शोधून त्यांच्या प्रती आपणच जोडाव्यात. इथे वर्षानुवर्षांची सवय अंगावर येते: मुद्रांक वाचवायला खतावर कमी रक्कम लिहायची आणि उरलेली रोख द्यायची. शिवारातल्या सगळ्यांनी तेच केलेलं असतं आणि तेच आकडे आता सगळ्यांच्या जमिनीचा भाव ठरवतात.

हिशेबाचा नमुना असा. समजा २० गुंठे गेले आणि भाव गुंठ्याला १ लाख ठरला: २० लाख. ग्रामीण भागासाठी १ ते २ च्या दरम्यान गुणक असतो. इथे शहरालगतचा म्हणून १ धरू. झाडं आणि विहीर मिळून १ लाख: २१ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम: ४२ लाख. शिवाय बाजारभावावर थ्री ए ते निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) या काळाचे दरसाल १२ टक्के. दीड वर्ष लागलं तर २० लाखांवर ३ लाख ६० हजार. एकूण ४५ लाख ६० हजार. निवाड्यात या प्रत्येक ओळीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघा. जमिनीचे तुकडे पडल्याची नुकसानी हा वेगळा हक्क आहे आणि मागितला नाही तर कुणी आपणहून देत नाही. २०१५ आधी गेलेल्या जमिनींना दिलासा रक्कम नाकारली जायची. ते तरसेम सिंग निकालाने २०१९ मध्ये चुकीचं ठरवलं. जुनी प्रकरणं असलेल्यांनी आपले कागद वकिलाला दाखवावेत.

रक्कम घेताना पावतीवर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं स्वतःच्या हाताने लिहावं. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं, पण लवाद केंद्रानेच नेमलेला असतो, बहुधा महसुलातलाच वरिष्ठ अधिकारी. एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलाशी जाण्यासारखंच ते. कलमात मुदत दिलेली नाही, मात्र मुदतीचा कायदा लवादालाही लागतो, तेव्हा तीन वर्षांपलीकडे जाऊ देऊ नका. वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून ९ टक्के व्याज मिळतं. लवादाच्या निवाड्यावर जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांत जावं लागतं, पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. तिथेही न्यायालय सहसा स्वतः रक्कम वाढवत नाही, निवाडा रद्द करतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेरबदलाची मर्यादित मुभा दिली आहे. म्हणून खरेदीखतं, झाडांचे पंचनामे, पाण्याचे फोटो हा सगळा पुरावा लवादापुढेच यायला हवा.

ताब्यासाठी रक्कम आधी जमा झालेली असावी लागते आणि लेखी नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात. भात पोटरीत असताना जेसीबी बांधावर आला तर आधी नोटीस आणि रक्कम जमा केल्याचा पुरावा मागा. दोन्ही नसतील तर जागेवरचे व्हिडिओ, पंच म्हणून दोन शेजारी आणि त्याच दिवशी लेखी तक्रार.

रस्त्याच्या कडेला उरलेली जमीन आपलीच असते, पण पूर्वीसारखी नसते. मोकळ्या भागात महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम होत नाही, ७५ मीटरपर्यंत नियंत्रण असतं. दुकान, पंप किंवा ढाब्यासाठी महामार्गावर थेट वाट काढायलाही परवानगी लागते. या बंधनांचा वेगळा मोबदला नाही. त्यामुळे रस्त्याकडेची जमीन सोन्याची झाली असं कुणी म्हणालं, तर टेप घेऊन ४० मीटर मोजून दाखवावेत.

शेवटचं काम बहुतेकजण विसरतात. दोन एकरांतले २० गुंठे गेले तरी पहाणीत फोड होईपर्यंत सगळ्या हिस्स्यावर सरकारी नोंद राहते आणि सोसायटी पीककर्ज देत नाही. निवाड्याची प्रत आणि संयुक्त मोजणीचा नकाशा घेऊन भूमापन खात्यात पोडीचा (हिस्सा वेगळा मोजून देण्याचा) अर्ज द्यावा, आकारबंद दुरुस्त करून घ्यावा आणि उरलेल्या ६० गुंठ्यांचा वेगळा हिस्सा नंबर लागलेला नवा उतारा हातात येईपर्यंत ती फाईल कपाटात ठेवू नये.